पुणे-कोल्हापूर एका दिवसात करणार असाल तर पंक्चरचा हा धंदा आधी समजून घ्या

पुण्याहून सकाळी निघून कोल्हापुरात कार्य उरकायचं, अंबाबाईचं दर्शन घ्यायचं आणि रात्री घरी परत, असा बेत आपल्याकडे सर्रास आखला जातो. अंतर जेमतेम २३० किलोमीटर. रस्ता पाठ असतो: खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे चार टोलनाके, मधे खंबाटकीचा घाट. पण आता साताऱ्याच्या पुढे सहापदरीचं काम आणि डायव्हर्जन यांमुळे वेळेचा भरवसा उरलेला नाही. आणि ज्यांच्याकडे वेळ नाही अशा गाड्या हेरून त्यांना लुबाडणारी मंडळी याच पट्ट्यात बसलेली आहेत. आमचे जवळपास साडेचार हजार रुपये गेले. रक्कम मोठी नाही, पण पद्धत इतकी घोटून बसवलेली आहे की ती सविस्तर सांगायलाच हवी.

मामेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता, मुहूर्त ११ वाजून ४० मिनिटांचा. गाडीत मी, बायको, आई आणि आईच्या मांडीवर रुखवताचा एक डबा, जो तिने डिकीत ठेवू दिला नाही. साडेपाचला वारजे सोडलं. आदल्या दिवशी पंपावर चारही चाकं आणि स्टेपनीतली हवा बघून घेतली होती. सातारा ओलांडून नाश्त्याला थांबलो तेव्हा आठ वाजत आले होते. हॉटेल साधंच, पण गर्दी होती. चहा संपवून बाहेर आलो तर सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा गाडीपाशी उभा. "काका, मागचं चाक बसलंय बघा. असंच निघाला असता तर रिंग गेली असती."

चाक खरंच बसलेलं होतं. त्यात खिळा होता, पत्रे ठोकायला वापरतात तसा चपट्या डोक्याचा. तो रस्त्यावर लागला की आम्ही पोहे खात असताना कुणी लावला, हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून तसं म्हणतही नाही. सगळीकडे रस्त्याची कामं चाललेली, तारा-खिळे पडलेले असतात, त्यामुळे पंक्चर झालं यात कुणालाच वावगं वाटत नाही. एवढं मात्र खरं की पंक्चरचं दुकान त्या हॉटेलला चिकटूनच होतं, आणि पोरगा आम्हाला सांगून सरळ तिथेच जाऊन जॅक घेऊन आला.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतून बसलेला असेल तर हवा सहसा हळूहळू जाते. हवा भरून घेतली तर पुढच्या गावापर्यंत सावकाश जाता येतं. खिळा उपटला की मात्र भसकन सगळी हवा जाते आणि गाडी जागची हलत नाही. पोरग्याने भाव सांगायच्या, चाक काढायच्या आधी पकडीने पहिलं काम काय केलं, तर खिळा उपटला. त्या क्षणी गाडी त्याची झाली. मी "अरे थांब, भाव काय?" म्हणेपर्यंत चाक पार बसलं होतं. भाव कळला, "पंक्चरचे दोनशे." पुण्यात शंभर-दीडशे देतो आपण, हायवेवर पन्नास जास्त असतील, अशी मनाची समजूत घातली.

चाक काढून तो शेडच्या मागे घेऊन गेला, कारण पाण्याची टाकी "तिकडं" होती. मी मागोमाग निघालो तर दुकानातल्या मोठ्या माणसाने मला अडवलं, म्हणजे हात धरून नव्हे, तर बोलण्यात गुंतवून. कुठून आलात, कुठे चाललात, कार्य कुणाचं, मुहूर्त किती वाजता. अगदी घरच्यासारखी चौकशी. मी सांगत गेलो. कोल्हापूरला ११:४० चा मुहूर्त आहे हे त्याला माझ्याच तोंडून कळलं, आणि पुढचा सगळा डाव त्याने त्या घड्याळावर खेळला.

दहा मिनिटांनी चाक परत आलं ते साबणाच्या पाण्याने ओलं. एका ठिकाणी बुडबुडे येत होते ते त्याने दाखवले. मग खडूने केलेल्या आणखी चार खुणा दाखवल्या. "पाच हायेत." पाचही ठिकाणी त्याने टोच्या खुपसून चिकट तपकिरी स्ट्रिपा भरल्या, वरची शेपटं ब्लेडने छाटली. हात इतका चलाख की पाहत राहावं. पाच म्हणजे हजार रुपये झाले. मी वाद घातला, तर म्हणाला, "डायव्हर्जनला आलाय न्हवं? तिथं सगळ्यांचीच चाळण हुती."

नंतर हवा भरताना मोठा माणूस खाली वाकला आणि चुकचुकला. टायरच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, बोटभर लांबीची चीर होती. "साहेब, ह्याला इलाज नाही. साइडचं पंक्चर निघत नाही. ऐंशीला फुटला तर घरचे गाडीत आहेत." यातली गोम अशी की त्याचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. साइडवॉल कापली असेल तर तिथे पंक्चर काढत नाहीत, टायर बदलावाच लागतो. चांगला फसवणारा अर्धं खरंच बोलतो.

स्टेपनी लावू म्हटलं, तर पोरग्याने ती आधीच डिकीतून काढून ठेवली होती. तिच्या व्हॉल्व्हवर त्याने थुंकी लावली आणि बुडबुडा फुगलेला दाखवला. "ह्याबी लीक हाय." आदल्या दिवशी मी स्वतः हवा बघितली होती. पण समोर बुडबुडा दिसत असताना कालच्या पंपावरचा आकडा कोण ऐकतो?

शेवटी त्याच्याकडचाच एक "कमी चाललेला" टायर ३,२०० रुपयांना घ्यायचं ठरलं. बसवणावळ दोनशे. पंक्चरचे हजार वेगळे, कारण "काम तर झालंय ना". एकूण ४,४००. पावती मागितली तर पावतीपुस्तक संपलेलं होतं. क्यूआर कोड स्कॅन केला तर दुकानाच्या पाटीवरचं नाव नाही, एका बाईंचं नाव आलं. घासाघीस करायला माझ्याकडे वेळ नव्हता, आणि त्याला ते माहीत होतं. बायको गाडीतून घड्याळ दाखवत होती.

एवढ्यात त्याने आणखी एक सोय देऊ केली: "जुना टायर हितंच ठेवा, तीनशे कमी करतो. कार्याला चाललाय, कशाला घाण घेऊन जाता?" मी हो म्हणणार, तेवढ्यात आई काच खाली करून म्हणाली, "आपलं चाक आपल्याबरोबर येणार. डिकीत टाका." का, ते तिलाही सांगता येणार नाही. तिचा कुठलीही वस्तू टाकून द्यायला विरोध असतो, एवढंच. पण त्या एका हट्टामुळे मला आज हे सगळं पुराव्यानिशी लिहिता येतंय.

पुढे कराडपर्यंत गाडी ऐंशीच्या वर गेली की मागून घरघर यायची. कोल्हापुरात पोहोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. जेवणं आटोपल्यावर बहिणीचा दीर त्याच्या ओळखीच्या टायरवाल्याकडे घेऊन गेला. म्हातारा माणूस, चष्मा कपाळावर. त्याने आधी बोलण्यात वेळ घालवला नाही, आमचा जुना टायर रिंगवरून उतरलेलाच होता, तो उलटा करून उजेडात धरला आणि आतून हात फिरवला.

"हे बघा. बाहेरनं पाच दिसत्यात. आतनं किती आल्यात मोजा."

आतून दोनच स्ट्रिपा बाहेर आलेल्या होत्या. एक खिळ्याच्या भोकातली. दुसरी टोच्याने आरपार पाडलेल्या नव्या भोकातली. उरलेल्या तीन ठिकाणी टोच्या रबरात अर्धाच घुसवून स्ट्रिप नुसती वरून चिकटवलेली होती, आतून टायर गुळगुळीत. म्हणजे तिथे पंक्चर नव्हतंच. साइडवॉलची चीर त्याने अंगठ्याने फाकवून दाखवली: कडा ताज्या, सरळ रेघेत, आणि खोली फक्त वरच्या रबरापुरती. दगडाने किंवा सळईने कापलं की कडा फाटक्या, वेड्यावाकड्या होतात. "ही ब्लेडची हाय." स्टेपनीत काहीच बिघाड नव्हता, व्हॉल्व्हची पिन दोन आटे सैल केलेली होती, बस. पिन आवळली, हवा भरली, थुंकी लावली, बुडबुडा नाही.

मग त्याने आमचा ३,२०० चा टायर उतरवला. टायरच्या अंगावर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. पहिले दोन आकडे टायर बनला त्या आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. अनेक टायरांवर हा शिक्का एकाच बाजूला असतो, आणि हायवेवरच्या महाशयांनी नेमकी ती बाजू आत ठेवून टायर बसवला होता. शिक्का होता ३११७, म्हणजे २०१७ सालातला एकतिसावा आठवडा. नक्षीच्या खाचा हत्याराने खोल करून वरून काळं पॉलिश मारलेलं. खाच खोल करायला कोरलेलं रबर मुळातच पातळ झालेलं असतं, तेव्हा असा टायर तापलेल्या रस्त्यावर कधीही दगा देऊ शकतो. पैशांचं जाऊ द्या, मला राग आहे तो याचा. "ऐंशीला फुटला तर घरचे गाडीत आहेत" म्हणणाऱ्याने घरच्यांच्या खाली फुटू शकणारा टायर जाणूनबुजून बसवला. म्हाताऱ्याने स्टेपनी बसवून दिली, बसवणावळीचे दीडशे घेतले आणि चहा पाजला. तेव्हा सगळे पंक्चरवाले चोर, असं कुणी माझ्या तोंडी घालू नका. रात्री दोनला खंबाटकीत आपल्यासाठी उठणारेही तेच असतात.

आता या मार्गाने एका दिवसात जाणाऱ्यांसाठी. कार्याचा मुहूर्त असेल तर गुगलच्या वेळेवर दीड-दोन तास जास्तीचे धरा, आणि मुख्य म्हणजे आपल्याला किती घाई आहे हे रस्त्यावर कुणालाही सांगू नका. विचारलंच तर "घरीच चाललोय, निवांत आहे" म्हणा. चाकात खिळा दिसला तर कुणालाही तो उपटू देऊ नका. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवा भरायचा छोटा पंप मिळतो, तो डिकीत असलेला बरा. हवा भरा आणि सावकाश पुढच्या पेट्रोल पंपावर किंवा गावात जा. पेट्रोल पंपावर हवा फुकट द्यायचा नियम आहे. दुचाकीवरून शेजारी येऊन "चाक बघा", "ऑइल गळतंय" असं ओरडणारा भेटला तर ताबडतोब बाजूला घेऊ नका. गाडी हाताला नीट लागत असेल तर वेग कमी करून टोलनाका किंवा पंप गाठा, तिथे उजेड असतो आणि कॅमेरे असतात. खरंच अडकलात तर राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३ आहे, पोलिसांसाठी ११२.

दुकानात चाक द्यायची वेळ आलीच तर ते नजरेआड होऊ द्यायचं नाही, टाकी कुठेही असो. गाडीजवळ दुसरं माणूस असू द्या, कारण स्टेपनीचा खेळ तेवढ्यातच होतो. भाव आधी, तोही "एका पंक्चरचा" आणि "जास्तीत जास्त किती" असा दोन्ही. प्रत्येक पंक्चरचा बुडबुडा स्ट्रिप भरायच्या आधी बघायचा. स्टेपनीचा व्हॉल्व्ह गळतोय म्हणाला तर त्याच्याकडूनच पिन आवळून घ्या आणि परत थुंकी लावायला सांगा. आणि रस्त्यावर जुना टायर विकत घेऊच नका. घ्यावाच लागला तर बसवायच्या आधी दोन्ही बाजूंना चार आकडी शिक्का शोधा.

जाता जाता, याच बेताला लागून दुसरी एक फसवणूक फिरते आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो (सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत), एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो राजमार्गयात्रा अ‍ॅपवर किंवा सरकारी संकेतस्थळावरच काढायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर "आज २,५०० मध्ये" म्हणून येणाऱ्या लिंकवर पैसे भरले तर पास येत नाही, पैसे तेवढे जातात. गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, म्हणजे १९३० ला, फोन करा.

मी पोलिसांकडे लेखी अर्ज दिला आहे. सोबत टायरचे आतले-बाहेरचे फोटो, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि पाटीचा फोटो जोडला. पाटीचा फोटो बायकोने गाडीत बसल्या बसल्या काढून ठेवला होता. पावती नसल्यामुळे ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवताना विक्रेत्याचं नाव काय लिहायचं हा प्रश्न येतो. तिथे यूपीआयवर आलेलं नाव आणि पाटीवरचं नाव, दोन्ही लिहा. सातारा-कराड पट्ट्यात तुमच्याशी असं काही झालं असेल तर वेगळा अर्ज तुम्हीही द्या. एकाच पाटीचे चार अर्ज गेले तर ते टाळणं अवघड जाईल. आणि तोवर तो टायर भंगारात घालू नका. आमचा बाल्कनीत आहे, आईने त्यावर कुंडी ठेवली आहे.