नारळावर चढायचंय: शिडी, उभं यंत्र की बसायचं यंत्र?

परड्यात तीन-चार नारळ असले की दर दीड-दोन महिन्यांनी कुणाला तरी शेंड्याला जावंच लागतं. नारळ उतरवायचे असतातच, शिवाय शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा लागू नये म्हणून ४५ दिवसांनी कोवळ्या पानांच्या बेचक्यांत चारेक डांबरगोळ्या ठेवून वर बारीक वाळू टाकायची असते. कोल्हापुरात पाडणारा गडी ऐनवेळी मिळाला नाही की मग हा प्रश्न पडतो.

शिडी घरात असते, पण ती १२-१५ फुटांच्या बुटक्या झाडापुरतीच. चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर ठेवा आणि वरचं टोक खोडाला बांधा. गोल खोडावर शिडीची पायरी एकाच जागी टेकते, त्यामुळे कोयता जोरात ओढला की शिडी फिरते. खालून धरणारा असला तरी फिरतेच.

उभ्या यंत्राला, म्हणजे चेंबेरी प्रकाराला, डाव्या-उजव्या पायासाठी दोन वेगळे भाग असतात. एक पाय उचलला की दुसऱ्याची वायर रोप (पिळलेल्या तारांचा दोर) वजनानं खोडाला आवळते. चढण झपाझप होते, पण पोटऱ्या भरून येतात आणि वर टेकायला जागा नाही. दिवसाला दहा झाडं करणाऱ्यानं हेच घ्यावं.

घरच्या चार झाडांना मात्र बसायचं यंत्र बरं. त्याला खोडाभोवती फासानं अडकणाऱ्या दोन चौकटी असतात. वरच्या चौकटीवर बसून पायानं खालची उचलायची, मग उभं राहून वरची सरकवायची. वेळ जास्त जातो, पण शेंड्याला दोन्ही हात मोकळे राहतात. गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी: खोड वर निमुळतं होतं, फास सैल पडतो आणि बैठक बाहेरच्या बाजूला खाली कलते. म्हणून बुंध्याशी बांधतानाच तिचा बाहेरचा काठ थोडा उचललेला ठेवा. वर गेल्यावर ती सपाट होते. दोन्ही चौकटी एकमेकींना दोरीनं जोडा. नाहीतर पाय निसटला की खालची चौकट थेट बुंध्याशी आणि माणूस वर अडकलेला.

यंत्र कुठलंही असो, हार्नेसचा (अंगाला बांधायच्या सुरक्षा पट्ट्यांचा) दोर खोडाभोवती वेगळा घ्या. यंत्रालाच अडकवला तर यंत्राबरोबर माणूसही खाली येईल. चढण्याआधी वायर रोपवरून जाड फडकं फिरवा. तुटलेली तार त्यात अडकली तर रोप बदला. रोप पकडणाऱ्या क्लिपांचे नट पान्यानं आवळा. गांधीलमाशांचं पोळं खालूनच शोधा. वाळक्या झावळीला धरून वजन टाकू नका, ती मुळातून सुटते. झावळी वीजतारेजवळ असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय शिडी किंवा यंत्र लावूच नका. यंत्रं धातूचीच असतात, शिडीही बहुतेकदा.

जुलै-ऑगस्टच्या झडीत शेवाळलेल्या खोडावर दोन्ही यंत्रं घसरतात. शेंडा मेअखेरीसच साफ करून घ्यावा, पुढची खेप पावसानं उघडीप देऊन खोड वाळल्यावर.