सुती कापडाचं फिनिश: पहिल्या धुण्यांनंतर काय उरतं?

दुकानात कापडाची घडी उलगडून चिमटीत चोळली की हाताला लागणारा मऊपणा किंवा भरीवपणा पुष्कळदा सुताचा नसतो, वरून केलेल्या प्रक्रियेचा असतो. तेच पॉपलिन मर्सराइज केलं, म्हणजे कॉस्टिक सोड्यातून काढलं, तर झळकतं, एन्झाइममधून काढलं तर गुळगुळीत होतं, रेझिन मारलं तर चुरगळत नाही आणि खळ चढवली तर दुप्पट भारदस्त वाटतं. म्हणून बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या फिनिशचं हे परीक्षण दोनच प्रश्नांवर केलं आहे: धुतल्यावर काय टिकतं, आणि ते मिळवताना कापडाने काय गमावलं?

सगळ्यात खालचा नंबर खळीचा. विरळ विणीचं कापड भरदार दाखवण्याचा हा जुना उपाय. पाण्यात पातळ केलेल्या आयोडीनचा थेंब कोपऱ्यावर टाकला आणि निळा-काळा डाग पडला, तर स्टार्च आहे. कापड प्रकाशाकडे धरून दोन्ही हातांनी जोरात चोळलं आणि पांढरी भुकटी झडली, तर भरणा फारच सढळ हाताने केलाय. दोन धुण्यांत हे सगळं निघून जातं आणि खाली उरते मच्छरदाणी. नुसत्या कॅलेंडरची चकाकी त्याच जातीची. गरम जड रुळांखाली सूत चपटं होतं म्हणून कापड चमकतं. पाणी लागलं की सूत फुगून पुन्हा गोल होतं आणि चमक जाते. रेझिनसोबत केलेलं कॅलेंडर टिकतं, पण लेबलवर तसं सहसा लिहिलेलं नसतं. तेव्हा धुऊन बघणं आलंच.

मर्सराइजिंगला मात्र आमचे पूर्ण गुण. जॉन मर्सर यांनी 1850 मध्ये या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. मात्र कापड ताणून धरलं की रेशमी झळाळी येते, हे पुढे 1890 च्या सुमारास होरेस लो यांनी दाखवलं. लिटरला साधारण 270 ते 300 ग्रॅम कॉस्टिक सोडा, 15 ते 20 अंश तापमान आणि अर्धा ते एक मिनिट वेळ, एवढ्यात काम होतं. कापसाचा पिळवटलेला, चपटा तंतू फुगून दंडगोल होतो आणि प्रकाश एकसारखा परततो. रंग जास्त मुरतो, ताकदही वाढते. हा बदल तंतूच्या आतला असल्यामुळे कितीही धुतलं तरी परत फिरत नाही. बिघडतं ते कारखान्यात. ताण सोडण्याआधी सोडा पुरेसा धुतला नाही तर कापड आखडतं आणि झळाळी मरते. आधीच ओलं कापड सोड्यात गेलं आणि द्रावण पातळ झालं तर फुगणं कमी-जास्त होतं. मग रंगवल्यावर मध्यभाग आणि किनार वेगळ्या छटेची दिसते. घेताना किनार दुमडून कापडाच्या मध्यावर ठेवा. छटा तिथल्या तिथे कळते. ‘डबल मर्सराइज्ड’ म्हणजे आधी सूत आणि नंतर कापड, अशी दोनदा केलेली प्रक्रिया. विणलेल्या टी-शर्टच्या कापडात हा फरक डोळ्यांना दिसतो, शर्टिंगमध्ये तेवढा नाही.

बायोपॉलिशिंग आम्हाला आवडतं, पण एका अटीवर. सेल्युलेज एन्झाइम पृष्ठभागावरची लव खातं, त्यामुळे गोळे धरत नाहीत आणि रंग स्वच्छ दिसतो. अॅसिड प्रकाराला 4.5 ते 5.5 पीएच आणि 50 ते 55 अंश तापमान लागतं. काम झालं की लगेच 80 अंशांच्या वर नेऊन किंवा पीएच वाढवून एन्झाइम मारावं लागतं. नाहीतर लव संपल्यावर ते सूतच खाऊ लागतं! वजनात 3 ते 5 टक्के घट ठीक. त्यापुढे कापड फाटायला हलकं होतं. वापरणाऱ्याला हे वजन कळणार नाही, पण शिवण ताणल्यावर टाक्यांची भोकं पटकन मोठी होत असतील तर शंका घ्यावी.

आता ‘रिंकल-फ्री’. खूप खपणारं आणि फार कमी समजून घेतलेलं हे फिनिश. डीएमडीएचईयू नावाचं रेझिन मॅग्नेशियम क्लोराइडबरोबर कापडात मुरवतात, सुकवतात आणि साधारण 150 ते 160 अंशांवर काही मिनिटं भाजतात. सेल्युलोजच्या शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधले जातात. साखळ्या एकमेकींवर सरकत नाहीत, म्हणून सुरकुती बसत नाही. पण सरकता येत नाही म्हणजे ओढ लागल्यावर ताण वाटूनही घेता येत नाही. फाडण्याची ताकद आणि घर्षण सोसण्याची क्षमता यांचा बराच हिस्सा इथेच जातो. चांगले उत्पादक पॉलिइथिलिन किंवा सिलिकोन घालून थोडी भरपाई करतात. तरी असा शर्ट आधी झिजतो तो कॉलरच्या घडीवर आणि कफच्या कडेला. भाजणं कमी पडलं तर रेझिन धुण्यात निघून जातं आणि ओल्या कापडाला माशासारखा वास येऊ शकतो. जास्त झालं तर कापड पिवळट आणि ठिसूळ होतं. नव्या पाकिटातून नाकाला झोंबणारा वास आला तर तो सुटलेला फॉर्माल्डिहाइड असण्याची शक्यता मोठी. अंगाला लागणाऱ्या कपड्यांसाठी ओएको-टेक्स या कापड-सुरक्षेच्या मानकात फॉर्माल्डिहाइडची मर्यादा किलोला 75 मिलिग्रॅम आहे. घालण्याआधी एकदा धुवावंच. क्लोरीनचं ब्लीच वर्ज्य, कारण काही रेझिनं क्लोरीन धरून ठेवतात आणि इस्त्रीच्या उष्णतेने तिथेच पिवळे डाग उमटतात. शिवल्यानंतर भाजलेल्या पँटची लांबी वाढवायची असेल तर विचार सोडून द्या. जुन्या घडीची रेघ कुठल्याच इस्त्रीने जात नाही. थोडक्यात, रोज बदलायच्या ऑफिसच्या शर्टाला चालेल, अंगमेहनतीच्या कपड्याला नको.

सिलिकोन सॉफ्टनरची गंमत अशी की हात खूश होतो आणि पाणी रुसतं. अमिनो सिलिकोनने आलेला लोण्यासारखा स्पर्श बरीच धुणी टिकतो, पण कापड पाणी शोषेनासं होतं आणि पांढरा रंग उष्णतेने पिवळसर पडू शकतो. टॉवेल घेताना पाण्याचा एक थेंब वरून सोडून बघा. मोती होऊन बसला तर तो टॉवेल अंग पुसणार नाही. घरी वापरायच्या सॉफ्टनरलाही हेच लागू. ते धनभारित असतं आणि साबणाच्या ऋणभारित कणांशी चिकटून गाळ होतो, म्हणून शेवटच्या पाण्यातच घालायचं, कपड्यावर थेट ओतायचं नाही. आग-रोधक कपड्यांना तर अजिबात नको.

एवढं सगळं तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. मोठी खरेदी असेल तर आधी थोडं कापड आणा. ताण्यात आणि बाण्यात (उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या दिशेने) बरोबर 50 सेंटिमीटरवर न पुसणाऱ्या शाईच्या खुणा करा, तीनदा धुऊन सपाट सुकवा आणि पुन्हा मोजा. 49.5 भरलं तर 1 टक्का आकसलंय, म्हणजे सॅन्फराइजिंग (कारखान्यातच कापड आधी आकसून घेणं) नीट झालंय. 48 भरलं तर 4 टक्के. असं कापड शिवायच्या आधी भिजवून घ्यावं, नाहीतर घेऊच नये.