पंचेचाळिशीनंतर थांबायचंय: बिनपगारी रजा की सरळ राजीनामा?

बावीस वर्षं मुलुंड ते सीएसएमटी लोकल केल्यावर मी सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. त्याच वर्षी माझ्या मेव्हण्याने थेट राजीनामा दिला. दोघांचंही घरी बसणं जवळून पाहिलंय, म्हणून सांगतो.

आधी पैशाचं. राजीनाम्यात हाती काहीतरी पडतं: सलग 5 वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी. शेवटचा मूळ पगार (महागाई भत्ता असेल तर तो धरून) भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. मेव्हण्याचा मूळ पगार 60 हजार, नोकरी 16 वर्षं; साडेपाच लाखांवर आले. ते त्याने घरखर्चाला लावले. मला हे पटलं नाही, ते म्हातारपणाचे पैसे. पीएफला हात लावला नाही हे बरं केलं, पण नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो हे त्याला रिटर्न भरताना कळलं. रजेत यातलं काहीच मिळत नाही; मात्र मंजूर रजेमुळे ग्रॅच्युइटीसाठीची सलग नोकरी तुटत नाही. घराचा हप्ता आणि मेंटेनन्स दोघांनाही तेवढाच.

खरी मेख मेडिक्लेमची. राजीनामा दिला की ऑफिसची पॉलिसी गेली. या वयात साखर नाहीतर बीपी बहुतेकांच्या मागे लागलेलं असतं, आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच, दोन-तीन वर्षं आधी काढून ठेवा.

रजेत पॉलिसी चालूच राहते, असं मी धरून चाललो होतो. माझी राहिलीही. आईचा प्रीमियम मात्र दरमहा पगारातून कापला जायचा. पगारच नाही तर कापणार कशातून? तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या सकाळी हॉस्पिटलच्या टीपीए काउंटरवरच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेच्या) मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. आईच्या नावापुढे 'इनअ‍ॅक्टिव्ह'. आई शेजारीच बसली होती, डोळ्यात थेंब घातलेले. तेव्हा एचआरकडून सगळं लेखी घ्या: कुणाकुणाचा विमा चालू, प्रीमियम कसा भरायचा, परतल्यावर पद तेच का.

मोकळेपणात मात्र राजीनामा सरस. माझा लॅपटॉप घरीच होता. "सर, दोनच मिनिटं" म्हणून फोन यायचे आणि मीही उचलायचो, दोष माझाही. मेव्हणा नोटीसचे 90 दिवस भरून गुहागरला गेला, त्याला कुणी हाक मारली नाही. पुढे नोकरी शोधायला आठ महिने लागले, तीही कमी पगाराची.

हप्ते शिल्लक असतील, मुलांची दहावी-बारावी तोंडावर असेल, तर रजाच घ्या. घर फिटलंय, स्वतःचा मेडिक्लेम मुरलाय, दीड-दोन वर्षांचा खर्च बाजूला आहे आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरताना रोज पोटात गोळा येतो, तर राजीनामा द्यायला हरकत नाही.

मी पुन्हा रजाच घेईन. फक्त लॅपटॉप जमा करून, आणि आईचा प्रीमियम आगाऊ भरून.