जुन्या दगडी भिंतींना एनएचएल ३.५ चुन्याचा गिलावा: वापरानंतरचा अभिप्राय

जुन्या दगडी घराच्या भिंतींना सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा करायचं कुणाच्या मनात असेल, तर माझं उत्तर सरळ आहे. जरूर करा, पण नुसत्या गोणीच्या भरवशावर करू नका. मी वापरला तो नैसर्गिक हायड्रॉलिक, म्हणजे पाण्यानेही आवळणारा चुना, गोणीवर एनएचएल ३.५ असं छापलेला. माल म्हणून त्याला पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कशासाठी कापला ते पुढे येईलच.

आधी भिंतीची हकीकत. भिंती जाड, दगड आणि मातीच्या. पायात ओल अडवणारा थर नाही, कारण त्या काळी तो घालत नसत. मागे कधीतरी एका ठेकेदाराने खालच्या चार-पाच फुटांना सिमेंटचा गिलावा केला, त्यावर ऑइल पेंट मारला आणि आता ओलीची काळजी संपली म्हणून सांगितलं. ओल संपली नाही, वर चढली. जमिनीतलं पाणी बारीक छिद्रांतून भिंतीत चढतं आणि जिथे हवा मिळेल तिथून वाळून बाहेर पडतं. खालचा भाग सिमेंट आणि तेलाच्या रंगाने बंद केला की पाणी त्याच्याही वर जातं आणि मोकळ्या जागेतून बाहेर यायला बघतं. आमच्या भिंतीवर सिमेंट जिथे संपतं तिथे पट्ट्यासारखा लोणा लागलेला होता. रंगाचा पोपडा नखाने उचलला की खाली क्षारांची पांढरी पूड. सिमेंटचा गिलावा थापीच्या मुठीने ठोकला तर बद्द आवाज यायचा, आणि तो काढल्यावर मागे दगडांमधली माती बोटाने उकरता येईल इतकी ओली निघाली. दगड ठणठणीत होते. खराब झालेलं सगळं त्या ‘उपायाच्या’ मागे होतं. हे बघून मला फार वाईट वाटलं, आणि हा अभिप्राय लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. अशी कितीतरी घरं केवळ ओलीपायी ‘आता पाडूनच टाका’ या यादीत जातात.

मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे चुन्याचं समीकरण तोंडपाठ होतं. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो उकळत फुटतो आणि विरलेला चुना होतो. तो भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन पुन्हा चुनखडी बनतो. हा झाला साधा, शुद्ध चुना. तो फक्त हवेने आवळतो, म्हणून फार सावकाश. हायड्रॉलिक चुना थोडा वेगळा. ज्या चुनखडीत मुळातच माती आणि सिलिका मिसळलेली असते ती भाजली की काही भाग पाण्याने आवळणारा तयार होतो. १७५६ साली जॉन स्मीटन एडिस्टनच्या दीपस्तंभासाठी समुद्राच्या पाण्यात टिकणारा चुना शोधत होता, तेव्हा त्याने वेगवेगळ्या चुनखड्या तपासल्या आणि मातीचा अंश असलेल्या चुनखडीचाच चुना पाण्याखाली आवळतो हे त्याच्या लक्षात आलं. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट त्यानंतर, १८२४ मध्ये आलं. जिथे अशी चुनखडी नसे तिथे शुद्ध चुन्यात विटांची पूड म्हणजे सुरखी घालून तोच गुण आणत. आजही ते चालतं, फक्त सुरखी मंद भाजलेल्या विटेची आणि अगदी बारीक हवी.

आता गोणीवर काय वाचायचं ते सांगते, कारण इथे फसगत होते. एनएचएलपुढे २, ३.५ किंवा ५ असा आकडा असतो. अठ्ठावीस दिवसांनी तो चुना कमीत कमी किती दाब सोसेल, त्याचा हा आकडा, मेगापास्कलमध्ये. सिमेंटच्या गोणीवर याच तऱ्हेचा आकडा ४३ किंवा ५३ असतो. दुकानात लगेच वाटतं की मोठा आकडा तो चांगला माल. जुन्या भिंतीला हे उलटं लागू पडतं. गिलावा आणि सांधे दगडापेक्षा मऊ हवेत, म्हणजे भिंत थोडी हलली, फुगली, आटली तर झीज गिलाव्याची होते आणि दगड वाचतो. युरोपीय मानकात एनएचएलखेरीज एफएल आणि एचएल असेही दोन प्रकार आहेत. एनएचएलमध्ये वरून काही मिसळायला परवानगी नाही. एफएलमध्ये इतर पदार्थ असू शकतात, पण ते जाहीर करावे लागतात. एचएलमध्ये सिमेंटही असू शकतं आणि गोणीवर ते सांगायची सक्ती नाही. म्हणून ‘हायड्रॉलिक चुना’ एवढंच नाव बघून उचलू नका, अक्षरं बघा. आणि उत्पादनाची तारीख बघा. चुना ओल्या हवेत गोणीतच आवळायला लागतो. माझ्या गोण्यांतली एक कोपऱ्यात गठ्ठा झालेली होती, ती परत केली आणि विक्रेत्याने कुरकुर न करता बदलून दिली.

पण गोणी उघडण्याआधी पाणी. गिलाव्यापेक्षा याने जास्त फरक पडला, हे मी मोकळेपणाने सांगते. भिंतीच्या बाहेर वर्षानुवर्षं भर पडून जमीन आतल्या फरशीच्याही वर आली होती. ती उकरून खाली नेली, जोत्यालगतचा सिमेंटचा कोबा फोडून तिथे खडी भरली, पन्हळीचं पाणी लांब सोडलं. मग सिमेंटचा गिलावा छिन्नीने हलक्या हाताने काढून भिंत उघडी ठेवली, बराच काळ. घरातल्या सगळ्यांना ती उघडी भिंत नकोशी झाली होती, तरी ठेवली. क्षार वर येत राहिले, ते कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून बाहेर टाकले. पाण्याने धुवायचे नाहीत. धुतले की विरघळून पुन्हा आत जातात.

वाळूबद्दल गवंड्याचं आणि माझं एकमत व्हायला थोडा वेळ लागला, म्हणून एक प्रयोग केला. तो कुणालाही करता येईल. मापाचं भांडं कोरड्या वाळूने काठोकाठ भरायचं आणि दुसऱ्या मापाने त्यात हळूहळू पाणी ओतायचं, वर पाणी दिसेपर्यंत. जितकं पाणी मावलं तितकी त्या वाळूत पोकळी. बारीक-जाड कण नीट मिसळलेल्या, चार मिलिमीटरपर्यंतच्या धारदार वाळूत ती भांड्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येते. तेवढी पोकळी भरायला तेवढाच चुना लागतो, आणि एकास तीन हे जुनं प्रमाण तिथून आलं आहे. आमच्याकडे आधी आणून टाकलेली वाळू बारीक, एकाच मापाच्या कणांची होती. तिने कितीतरी जास्त पाणी घेतलं. अशा वाळूचा गिलावा जास्त चुना खातो, जास्त आटतो आणि भेगाळतो. गवंड्याने भांड्याकडे पाहिलं आणि दुसरी वाळू मागवायला स्वतःच सांगितलं. पहिला थर एकास अडीच, वरचा एकास तीन. वरचा थर खालच्यापेक्षा कडक होऊ द्यायचा नाही, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

अशा गवंड्याला मी पूर्ण गुण देईन. सांध्यांत खोलवर चुना भरून, खड्डे दगडाच्या कपच्यांनी बुजवून मगच त्याने पहिला थर घेतला, जेमतेम सेंटिमीटरभर जाड. भिंत आदल्या दिवशी ओली करायची आणि लावण्याआधी पुन्हा. लावल्यावर लाकडी रंध्याने दाबायचं, पत्र्याच्या थापीने घोटायचं नाही, कारण घोटलं की वर चकचकीत पापुद्रा येतो आणि आत हवा जात नाही. एकदा सगळं तयार असताना तो दारातूनच म्हणाला, “बाई, आज वारं सुटलंय, आज नको,” आणि खरंच थापी न उचलता सांधे ओले करून गेला. वारा आणि ऊन गिलाव्यातलं पाणी पळवतात, आणि पाणी गेलं की चुना आवळायचा थांबतो. पुढचा आठवडाभर ओलं गोणपाट लटकवून फवाऱ्याने धुकं मारत राहायचं. पाईपने धार मारायची नाही. कडाक्याच्या थंडीत, पाच अंशांच्या खाली, कामच काढू नये.

आणि डोळे सांभाळा. ओल्या चुन्याचा पीएच साडेबाराच्या जवळ असतो, म्हणजे तो डोळे आणि कातडी भाजणारा तीव्र अल्क असतो. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय कुणालाही घमेल्याजवळ फिरकू देऊ नका. डोळ्यात गेलाच तर चोळायचं नाही, भरपूर पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि लगेच डॉक्टरकडे.

मला सर्वांत आनंद दिला तो एका तपासणीने. खिडकीच्या कडेचा सुपारीएवढा तुकडा फोडून घेतला आणि ताज्या कापावर फिनॉलफ्थॅलीनचे थेंब सोडले. हे द्रावण पीएच साधारण ८.३च्या खाली रंगहीन राहतं, त्याच्या वर गुलाबी होतं. बाहेरची काही मिलिमीटरची कड जशीच्या तशी राहिली, आतला गाभा गडद गुलाबी झाला. म्हणजे बाहेरून आत, महिन्याला साधारण मिलिमीटरभर या हिशेबाने, भिंत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा दगड होत होती. फळ्यावर जन्मभर लिहिलेलं समीकरण माझ्याच खिडकीत चाललेलं बघितलं.

पर्यावरणाच्या बाजूने मात्र जाहिरातीत लिहितात तेवढं मी लिहिणार नाही. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला काही भाग मोकळा चुना आवळताना परत घेतला जातो, पण भट्टीच्या इंधनाचा धूर परत येत नाही. सिमेंटची भट्टी १४५० अंशांच्या आसपास चालते, चुन्याची त्याहून बरीच कमी तापमानाला, म्हणून इंधन कमी लागतं. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के मानतात, त्यामुळे हा फरक लहान नाही. तरी माझ्या मते मोठी बचत दुसरीच आहे. या भिंती वाचल्या. त्या पाडून नव्या बांधायच्या तर लागलं असतं ते सिमेंट, लोखंड, विटा, वाहतूक आणि टाकायला नेलेला राडारोडा, त्यापुढे काही गोण्या चुना किती? शिवाय उद्या कुणाला भिंत उकलायची झाली तर दगड आणि विटा चुन्यातून अखंड सुटतात. सिमेंटमधून काढायला गेलं की फुटतात.

घरात राहताना काय जाणवतं? खोलीतला कोंदट वास गेला. पावसाळ्यात जोत्याजवळ भिंत थोडी गडद होते आणि कोरड्या दिवसांत पुन्हा फिकी पडते. ज्यांना हा रंगबदल डोळ्याला खटकेल त्यांनी आधीच विचार करावा. ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त उष्णता वाहून नेते, म्हणून थंडीतही फरक वाटतो. मात्र चुन्याचा गिलावा म्हणजे उष्णतारोधक थर असा समज करून घेऊ नका. वरून चुनाच मारला, पातळ दुधासारखा, अनेक हात. ओला असताना काहीच लागलं नाही असं वाटतं, वाळता वाळता पांढरेपणा उमलतो. प्लास्टिक इमल्शन लावायचं असेल तर चुन्याचा गिलावा करण्यात अर्थ नाही, ते तोंड पुन्हा बंद करतं.

आता तो कापलेला अर्धा गुण. कोपरे नाजूक असतात. कपाट सरकवताना एक कड उडाली. भिंतीवरून हात फिरवला की सुरुवातीला पांढरं लागतं. न्हाणीघरात जिथे थेट पाणी उडतं तिथे मी हा वापरला नाही आणि वापरा असं म्हणणार नाही. खर्च सिमेंटपेक्षा जास्त येतो, आणि तो मालापेक्षा मजुरीत आणि थांबण्यात. काम उरकून खोली लगेच वापरायची असेल तर हा माल तुमच्यासाठी नाही. काँक्रीटच्या चौकटीतल्या नव्या घरालाही याची गरज नसते.

छोट्या वस्तीत एक अडचण जास्त छळते, ती म्हणजे चुन्याचं काम येणारा माणूस मिळणं. आमच्या गल्लीत सारख्याच भिंतींची आणखी घरं आहेत. त्यांच्यापैकी काहींनी पुढचं काम एकत्र काढायचं ठरवलंय, माल एकदम मागवायचा, म्हणजे गोण्या पडून शिळ्या होत नाहीत आणि गवंड्याला सलग काम मिळतं. त्याच्या हाताखालची दोन तरुण मुलं आता सांधे स्वतः भरतात, आणि मला वाटतं गोणीपेक्षा हीच गुंतवणूक मोठी.

माझी बाहेरची पावसाच्या माऱ्याची भिंत अजून राहिली आहे. तिथे एनएचएल ५ घ्या, जास्त टिकेल, असं सांगणारे भेटले. पण त्या भिंतीचा दगड मऊ आहे, नखाने ओरखडा उठतो. म्हणून मी ३.५च घेणार, थर एक जास्त देणार आणि वळचण हातभर पुढे काढून घेणार.