ग्रब २: वापरून आलेला अनुभव

ग्रब २ ला, म्हणजे मशीन चालू होताना लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरला, माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला ते आधी सांगते.

जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क मी एसएसडीवर जशीच्या तशी क्लोन केली, बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एसएसडी पहिल्या नंबरला लावली आणि मशीन रीस्टार्ट केलं. मेनू आला, लिनक्स चालू झालं, पण वेग तोच जुना. रूट पार्टिशन, म्हणजे लिनक्सची मुख्य सिस्टिम असलेला डिस्कचा भाग, कुठलं माउंट झालंय (वापरात आलंय) ते पाहिलं, तर जुन्या डिस्कवरचंच! एसएसडीचा उपयोग फक्त ग्रब चालू होण्यापुरता झाला होता.

बायोस बूटलोडरला फारच थोडं सांगतो. निवडलेल्या डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मेमरीत आणतो, सीपीयूच्या डीएल रजिस्टरमध्ये (आतल्या एका छोट्या साठवणीच्या जागेत) डिस्कचा नंबर ठेवतो आणि ताबा सोडतो. हेक्समधले (सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीतले) ८० म्हणजे पहिली हार्ड डिस्क, ८१ म्हणजे दुसरी. काही बायोस हा नंबरही चुकीचा देतात. म्हणून ग्रब हार्ड डिस्कवर बसवला असेल, तर त्याच्या पहिल्या सेक्टरातला कोड आधी हा नंबर तपासतो आणि पटला नाही तर ८० धरून पुढे जातो. त्या सेक्टरात एकेका बाइटची ओढाताण असते, तरी या तपासणीला जागा ठेवली आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.

बूट क्रम बदलला की बरेच बायोस नंबरही नव्याने वाटतात, त्यामुळे आजची पहिली डिस्क उद्या दुसरी होते. म्हणून ग्रब पुढचं सगळं फाइलसिस्टिमच्या (पार्टिशनवरच्या फाइलींच्या मांडणीच्या) यूयूआयडीवरून, म्हणजे तिच्या खास ओळखक्रमांकावरून शोधतो. केबल कुठेही लावा, अडत नाही. पण क्लोनचा यूयूआयडीही तोच असतो. ग्रबने तोच यूयूआयडी रूट म्हणून लिनक्सला कळवला, लिनक्सने त्या यूयूआयडीची जुन्या डिस्कवरची फाइलसिस्टिम घेतली, आणि एकाच यूयूआयडीच्या दोन फाइलसिस्टिम आहेत हे ग्रबने सांगितलंच नाही. तारा गेला तो इथे. मी जुनी डिस्क काढली, एसएसडीवरून मशीन चालू केलं, मग जुनी डिस्क यूएसबीने जोडून ट्यून२एफएस या कमांडने तिचाच यूयूआयडी बदलला. एसएसडीवरच्या एफएसटॅबला (काय कुठे माउंट करायचं याच्या यादीला) हातही लावावा लागला नाही.

यूईएफआयमध्ये, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये), हा घोळ बराच कमी. कोणत्या पार्टिशनवरची कोणती फाइल चालवायची, याची नोंद मदरबोर्डच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) असते, आणि आपण कोणत्या डिस्कवरून आलो हे ग्रब फर्मवेअरला थेट विचारू शकतो. माझ्या दुसऱ्या मशीनवर मात्र फर्मवेअर अपडेटने या नोंदीच पुसून टाकल्या. डिस्कवर ग्रब शाबूत, पण त्याला हाक मारणारं कोणी नाही. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्समधून) ग्रब पुन्हा बसवला, आणि या वेळी ग्रब बसवणाऱ्या ग्रब-इन्स्टॉल कमांडला रिमूव्हेबल हा पर्याय देऊन आणखी एक प्रत बूटएक्स६४ या नावाने ठेवली. नोंद नसली तरी फर्मवेअर हे नाव ठरलेल्या फोल्डरमध्ये शोधतंच. पुढच्या अपडेटला नोंदी पुन्हा पुसल्या गेल्या, पण मशीन सरळ ग्रबच्या मेनूवर आलं.