फॉरेन्सिकचा ३ महिन्यांचा ऑनलाइन कोर्स: किट भारी, सर्टिफिकेटचं काय करू?

मी टीवायबीएस्सी केमिस्ट्रीला आहे, फॉरेन्सिकचं खूळ डोक्यात होतं म्हणून सुट्टीत हा कोर्स केला. नाव घेत नाही, इन्स्टावर रोज जाहिराती येतात त्यातलाच एक समजा.

आधी चांगलं सांगते. घरी जे किट येतं ते खरंच मस्त आहे, काळी पावडर, ब्रश, टेप, कार्डं. पहिल्या दिवशी आईच्या स्टीलच्या तांब्यावर मी पावडर अशी थापली की बोटाच्या ठशाच्या रेघा बुजून नुसता काळा डाग, आई म्हणाली आता तूच घास. मग सरांनी दाखवलं, ब्रश जेमतेम टेकवायचा आणि रेघा दिसायला लागल्या की त्यांच्याच दिशेने फिरवायचा. काचेच्या ग्लासवर असला सुंदर लूप (ठशातल्या रेघांचं वळसा घेऊन परत फिरणारं वळण) उठला ना! रक्ताचे कपडे प्लॅस्टिकमध्ये न भरता वाळवून कागदी पिशवीत का ठेवायचे (ओल राहिली की बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो) हे पण सरांनी छान समजावलं.

आता तक्रार. कोर्सवाल्यांच्या फोनवरच्या मॅडम म्हणाल्या १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आलाय, ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाले घटनास्थळी जाणार, म्हणजे सरकारी लॅबमध्ये डायरेक्ट चान्स. कायद्याचं खरं आहे, पण राज्यांना त्याला ५ वर्षांपर्यंत मुदत आहे हे गाळलं आणि डायरेक्ट चान्स वगैरे तर निव्वळ थाप. भरतीत आधी डिग्री बघतात हो. पोलीस लॅबच्या ज्या अहवालाला सीए रिपोर्ट म्हणतात तो केमिकल अ‍ॅनालायझरचा, म्हणजे सी फॉर केमिकल! व्हिसेरा (मृतदेहातून तपासणीसाठी काढलेले अवयव), दारू, ड्रग्ज सगळं तिथेच येतं, म्हणजे माझी केमिस्ट्रीच जास्त कामाची आणि मी तिचीच प्रॅक्टिकल्स बुडवून हे लेक्चर बघत होते!

बारावी सायन्सवाल्यांनी सरळ मुंबई, नागपूर किंवा संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान (म्हणजे फॉरेन्सिकच) संस्थेत ३ वर्षांची बीएस्सी बघा. गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक युनिव्हर्सिटी पण आहे, तिचा गोव्यात कॅम्पस आहे, एंट्रन्स द्यावी लागते. साधी बीएस्सी झालेल्यांना एमएस्सीला जाता येतं, मी तेच करणारे.

हौस म्हणून ५ पैकी ३, करिअर म्हणून १. पावडर अर्धी उरलीये, ब्रशने आई देव्हारा झाडते.