लोअर केलेल्या गाडीला कॅम्बर बोल्ट टाकावेत का नुसता टो नीट करून घ्यावा

गाडी ४० एमएम खाली बसवली की पुढचे टायर आतून खाते, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायची गरज नाही. खरा घोळ पुढं असतो. अलाइनमेंटवाला स्क्रीनवर लाल आकडा दाखवतो, म्हणतो कॅम्बर, म्हणजे समोरून बघितलं तर चाक उभं न राहता आत-बाहेर जेवढं कलतं तो कोन, बाहेर गेलाय, तो सुधारायला बोल्ट टाका नाहीतर टायर असेच जाणार. मी आधी बोल्ट टाकले, नंतर काढून नुसत्या टोवर (वरून बघितलं तर चाकाचं तोंड सरळपेक्षा आत का बाहेर, ते) आलो, म्हणजे दोन्हीचे पैसे भरलेत. गाडी जुनी स्विफ्ट डिझेल, टायर १८५/६५ आर१५, रोज परभणी-जिंतूर अन् महिन्यातून दोनदा मंठा-जालन्यावरून संभाजीनगर.

मला हे कळलंच पंक्चरमुळं. खाली बसलेल्या गाडीत टायरची आतली कड दिसतच नाही, बाहेरून नक्षी एकदम मस्त. जिंतूरला पंक्चरवाल्यानं चाक काढून उलटं केलं अन् म्हणला, "दादा, तार दिसायलीय की, अन् तुम्ही ह्याच्यावर जालन्याला निघालात व्हय?" तेव्हापासून आठवड्याला स्टेअरिंग पूर्ण वळवून मोबाईल टायरमागं घालून फोटो काढतो. तुम्हीपण काढा.

आता बोल्टांचं. शॉकअप जिथं नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, जोडतो तिथं दोन बोल्ट असतात, त्यातला एक काढून हा कॅमवाला, म्हणजे एका बाजूला फुगवटा असलेला, बोल्ट टाकायचा, फिरवला की चाकाचा वरचा भाग आतबाहेर सरकतो. माझा कॅम्बर उणे दीडच्या पुढं गेला होता तो उणे पाऊण डिग्रीवर आला, स्क्रीन हिरवी, मी खूश. कॅम्बर हलवला की टो हलतोच, त्यामुळं आधी कॅम्बर मग टो हा क्रम पाळणारा माणूस पाहिजे, तो मला संभाजीनगरातच सापडला, जवळजवळ २०० किलोमीटर. काम त्यानं चांगलं केलं, त्याला नावं ठेवणार नाही.

पण हा बोल्ट मूळ बोल्टापेक्षा बारीक असतो अन् आपल्याकडचे रस्ते म्हणजे काळ्या मातीवर टाकलेलं डांबर, एक पावसाळा गेला की रस्ता लाटा मारतो, त्यात उसाच्या ट्रॉल्यांनी कडा दबलेल्या, आणि गावागावात न रंगवलेले स्पीड ब्रेकर. तीन आठवड्यात डाव्या चाकाचा बोल्ट सरकला. कसं कळलं तर स्टेअरिंगवरचा लोगो. गाडी सरळ चाललीये अन् लोगो थोडासा कलंडलेला, वर गाडी हलकीच उजवीकडं ओढायची. फार नाही, पण मंठ्यापासून जालन्यापर्यंत नजर तिथंच. बायको म्हणली, अहो, स्टेअरिंग असं तिरकं धरून काय चालवताय. पुन्हा संभाजीनगर, पुन्हा सेटिंग, टॉर्क लावून घट्ट केलं, दीड महिन्यानं पुन्हा तोच लोगो तसाच. तिसऱ्यांदा मी गेलोच नाही. टायर परवडले पण तो वाकडा लोगो नको झाला, खरं कारण एवढंच.

मूळ बोल्ट परत टाकले, कॅम्बर आहे तसा राहू दिला आणि परभणीतच टो करून घेतला. इथं एक गोष्ट मला उशिरा कळली. टायर खातो तो मुख्य टो, कॅम्बर नुसतं कोणती कड ते ठरवतो. साधा हिशोब आहे, चाक पाव डिग्री जरी बाहेर तोंड करून असलं तरी गाडी १ किलोमीटर जाईस्तोवर ते चाक ४ मीटरच्या वर आडवं फरफटतं. परभणी-संभाजीनगर एका फेरीला किती झालं बघा. माझ्या पहिल्या टायरवर हात फिरवला तर एका बाजूनं गुळगुळीत अन् उलट फिरवला की करवतीसारखं हाताला लागायचं, ती टोचीच खूण होती, मी मात्र शिव्या कॅम्बरला देत बसलो.

फक्त टो करायचा तर थोडं डोक्यावर बसून करून घ्यावं लागतं. स्प्रिंग नवीन असतील तर दोनतीन आठवडे बसू द्या. हवा आधी भरा. मशीनवरचा हिरवा पट्टा कंपनीच्या उंचीसाठी असतो, त्यामुळं "हिरवा आला, झालं" म्हणला तर ऐकायचं नाही, दोन्ही चाकं शून्याच्या जवळ मागा, मी तर वजन यावं म्हणून ड्रायव्हर सीटवर पोराला बसवून करून घेतो. आणि रॅम्पवर चढवायला दोन फळ्या घरून न्या, बंपर वाचतो.

आतली कड जराशी जास्त जातेच, नाही म्हणत नाही. त्यावर उपाय म्हणजे दर पाच हजाराला पुढचे मागं, आणि टायर एकाच दिशेचा किंवा आतली-बाहेरची बाजू ठरलेला नसेल तर मध्ये एकदा रिमवरच उलटा करून घेणे, आतली बाजू बाहेर. पंक्चरवाला कुरकुर करतो पण करतो. मागच्या चाकांचं विचारू नका, दोन्ही चाकं जोडणारा सरळ बीम आहे, शिम (पातळ चकती) घातल्याशिवाय तिथं काही हलत नाही अन् मी त्या वाटेला गेलो नाही.

आता ज्याची गाडी त्याहून खाली आहे, कॅम्बर अडीच-तीनला गेलाय, किंवा जो बहुतेक समृद्धीवरच पळवतो आणि चांगला अलाइनमेंटवाला घराशेजारी आहे, त्याला बोल्ट जमतीलही, मी नको म्हणणार नाही. गुळगुळीत रस्त्यावर ते कदाचित सरकणारही नाहीत. पण जिंतूर रोडवर रोज चालवायची असेल तर मी आधी टोचे पाचशे-सहाशे घालून, पाच हजार किलोमीटर चालवून, फोटो काढून बघेन. माझे सध्याचे टायर अठरा हजारावर आहेत, आतली कड बाहेरच्यापेक्षा थोडी बसलीये, तार लांब आहे. बोल्ट डिकीत स्टेपनीखाली पडलेत, ब्रेकर आला की खडखडतात.